‘त्याच्याच वजनात खेळतोस का?’

बॉक्सिंग शिकायला माझ्याकडे जी पोरं येतात, ती पहिल्याच दिवशी दोन गोष्टी विचारतात. बॅगवर कधी मारायला मिळेल, आणि यातून नोकरी लागते का? पहिल्याचं उत्तर सोपं आहे: आधी दोरी, मग पाय, मग नुसता जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, आणि तोही आरशासमोर. बॅग कुठे पळून जात नाही. दुसऱ्याचं उत्तर द्यायचं तर मला माझा एक मूर्खपणा सांगावा लागतो.

मी 60 किलो वजनगटात दोनदा राज्य विजेता होतो. हे मीच सांगतोय, कारण आमच्या पेठेत दुसरं कोणी सांगणार नाही. माझ्याआधी त्याच क्लबात, त्याच वजनात एक दादा होऊन गेला होता. त्याचा डावा हुक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा, ज्यांनी पाहिला होता ते त्याबद्दल बोलायचेच, पण ज्यांनी पाहिला नव्हता ते जास्त बोलायचे. मी मेडल घेऊन टपरीवर गेलो की चहावाला विचारायचा, “त्याच्याच वजनात खेळतोस का?” आणि पुढची पंधरा मिनिटं दादाची.

गंमत म्हणजे मला घडवला दादानेच. पहाटे पर्वतीच्या पायऱ्या त्याच्या मागे पळायचो, संध्याकाळी त्याच्याशी स्पॅरिंग, म्हणजे सरावाची लढत. तीन वर्षं मार खाल्ला. नव्या पोरांना मी हेच सांगतो, की क्लबातला सगळ्यात भारी सीनियर शोधा आणि तो परवानगी देईल तितके राउंड त्याच्यासमोर उभे राहा. फक्त आधी माउथगार्ड घ्या. ग्लोव्हज क्लबचे चालतील, माउथगार्ड आणि हाताला गुंडाळायचं बँडेज स्वतःचंच हवं.

दुसऱ्यांदा जिंकलो तेव्हा गणपतीत मंडळाने सत्कार ठेवला. फ्लेक्सवर दादाचा फोटो पुरुषभर उंच, आणि खाली कोपऱ्यात, नगरसेवकाच्या कार्यकर्त्यांना ठेवतात तशा गोलात, मी. निवेदकाने ‘दादांचा वारसा चालवणारे’ म्हणत माझं आडनाव चुकीचं घेतलं. शाल-नारळ झाल्यावर माइक हातात आला आणि मी बोलून गेलो, “दादांनी आज माझ्यासमोर दोन राउंड टिकून दाखवावं.” दादा पहिल्या रांगेत होता. टाळी वाजवली ती फक्त त्याने.

लॅरी होम्सबद्दल मी नंतर वाचलं. वाचताना कानशिलं तापली, कारण माणूस अमेरिकेतला, हेवीवेट, माझ्यापेक्षा हजारपट मोठा, पण तोंड माझंच.

होम्सने सातवीत शाळा सोडली, गाड्या धुतल्या, मग तो मोहम्मद अलीचा स्पॅरिंग पार्टनर झाला. 1978 मध्ये केन नॉर्टनला पंधरा राउंडनंतर हरवून जगज्जेता झाला. त्याचा डावा जॅब यूट्यूबवर आजही बघा, मी पोरांना गृहपाठ म्हणून देतो. 2 ऑक्टोबर 1980 ला लास व्हेगासमध्ये त्याच्यासमोर खुद्द अली आला. अली तेव्हा 38 वर्षांचा, पाय गेलेले. दहाव्या राउंडनंतर अलीच्या कोपऱ्यातूनच, म्हणजे त्याच्या प्रशिक्षकाकडूनच, लढत थांबवली गेली. जिंकलेला होम्स रडला. विचार करा, ज्याच्या सावलीतून बाहेर पडायचं त्यालाच हरवलं, तर लोकांच्या लेखी हा त्यांच्या लाडक्या म्हाताऱ्याला मारणारा ठरला.

पुढे तो जिंकतच राहिला. 48 लढती, 48 विजय. आधीचा हेवीवेट जगज्जेता रॉकी मार्सियानो 49-0 वर, म्हणजे 49 विजय आणि एकही हार नाही, असा निवृत्त झाला होता, म्हणजे आता दुसरी सावली. सप्टेंबर 1985 मध्ये मायकेल स्पिंक्सने त्याला गुणांवर हरवलं आणि तो विक्रम एका विजयाने हुकला. त्या रात्री होम्स बोलला, मार्सियानोची माझा लंगोट उचलायचीही लायकी नव्हती. सोळा वर्षांपूर्वी विमान अपघातात गेलेल्या माणसाबद्दल! नंतर त्याने माफी मागितली, पण सात वर्षांच्या राज्यापेक्षा ते एक वाक्य लोकांच्या जास्त लक्षात राहिलं.

मला विचाराल तर होम्सचं दुखणं खोटं नव्हतं. त्याला खरोखरच कमी मिळालं. मलाही त्या फ्लेक्सवर कमीच मिळालं, हे मी आजही म्हणतो. पण खरं नुकसान फ्लेक्सने केलं नाही.

आता नोकरीचं. महाराष्ट्रात सरकारी भरतीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. कोणत्या पातळीचं पदक कोणत्या गटाच्या पदाला चालतं ते शासन निर्णयात असतं, ते नीट वाचा. क्लबातल्या ऐकीव गोष्टींवर जाऊ नका. प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा खात्याच्या विभागीय उपसंचालक कार्यालयातून होते. जाहिरात आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा पदक मिळालं की लगेच अर्ज टाका. स्पर्धेची प्रवेशिका, निकालपत्रक, सगळं जपून ठेवा. दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात, तेही कागद वेळेत गेले तरच. पोर लहान असेल तर घोरपडीच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमधली बॉईज स्पोर्ट्स कंपनी आणि बालेवाडीची क्रीडा प्रबोधिनी, या दोन्हींच्या निवड चाचण्यांवर डोळा ठेवा. कोच व्हायचं असेल तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, म्हणजे एनआयएसचा डिप्लोमा.

हे सगळं मला ठाऊक होतं. एका खात्याच्या संघात जागा निघाली, वजन 60 किलो, माझ्यासाठीच काढल्यासारखी. पण त्या संघाचा कोच दादा होता. त्याच्या हाताखाली, पुन्हा त्याच्याच वजनात? मी अर्जच केला नाही. घरी सांगितलं, तारीख हुकली. दादाने दोनदा निरोप पाठवला, मी फोन उचलला नाही. पुढच्या वेळी जागा निघाली तेव्हा माझं वय बसत नव्हतं. मग सहा वर्षं एका जिममध्ये आयटीवाल्यांना बॉक्सिंगच्या नावाखाली घाम काढून दिला.

म्हणून वजन ठरवताना मी पोरांना क्लबात त्या वजनात कोण आहे ते बघू देत नाही. एक पोरगा सीनियरला टाळायला 60 वरून 57 ला उतरायला निघाला होता. तीन दिवस पाणी तोडलं आणि वजनकाट्यापाशी चक्कर येऊन पडला. उंची आणि हाताची लांबी बघून वजन ठरवायचं, इतकंच.

होम्सचा पुतळा 2015 मध्ये त्याच्या ईस्टन गावात उभा राहिला, त्याच्या हयातीत. मी एवढ्या मोठ्या मनाचा अजून झालेलो नाही. मागच्या दसऱ्याला क्लबात दादाचा फोटो लावला. पोरांना कळलं पाहिजे म्हणून. लावलाय दाराच्या मागच्या भिंतीवर. दार सताड उघडं असलं की दिसत नाही.