योगवर्ग, सेवाकार्य आणि जुने मित्र : एका मोटारप्रवासाची आखणी

योगाभ्यास, एखाद्या संस्थेतील स्वयंसेवा आणि जुन्या मित्रांच्या भेटी या तिन्ही गोष्टी एकाच मोटारप्रवासात बसवता येतात. मात्र तिघींना सारखे दिवस वाटून दिले की कोणतेच काम धड होत नाही. योगसंस्थेचे वर्ग ठरलेल्या तारखांना सुरू होतात, सेवासंस्थेला आपली गरज केव्हा आहे हे तिचे तिलाच ठाऊक असते, आणि वेळ पुढेमागे करून घेणारा केवळ मित्र असतो. म्हणून तारखा ठरवताना आधी सेवासंस्था, मग योगवर्ग आणि शेवटी मित्र असा क्रम लावावा, आणि प्रत्यक्ष प्रवासात मात्र योग आरंभी ठेवावा. पहाटे उठणे, मोजके जेवणे आणि लवकर झोपणे ही सवय आठवडाभर वर्गात राहून लागली, तर तीच पुढे कामाच्या ठिकाणी उपयोगी पडते.

उदाहरणादाखल मुंबईहून निघून लोणावळा, पुणे, छत्रपती संभाजीनगर आणि वर्धा या मार्गाने वरोऱ्याच्या आनंदवनापर्यंत जाणारा आणि नागपूरहून समृद्धी महामार्गाने परतणारा प्रवास घेऊ. त्याला अडीच ते तीन आठवडे हाताशी असावेत. दिवाळी आटोपल्यानंतरचा काळ ते जानेवारीअखेर हा हंगाम सर्वांत सोयीचा, कारण विदर्भातील ऊन तेव्हा सुसह्य असते आणि ज्यांची मुले दहावी-बारावीला आहेत अशा मित्रांची घरेही फेब्रुवारीपूर्वी थोडी मोकळी असतात.

सेवासंस्थेची निवड हा या आखणीतील सर्वांत नाजूक भाग आहे. बाबा आमटे यांनी 1949 साली स्थापन केलेल्या महारोगी सेवा समितीचे आनंदवन हे कुष्ठरुग्णांच्या उपचारांपुरते कधीच मर्यादित राहिले नाही. तेथे हातमाग आहेत, शेती आहे, अंध आणि कर्णबधिर मुलांच्या शाळा आहेत. इतका व्याप असलेल्या ठिकाणी काम नेहमीच असते, परंतु आपल्याला जे करावेसे वाटते तेच काम मिळेल असे नाही. निघण्याच्या दोन महिने आधी पत्र किंवा ईमेल पाठवावा आणि त्यात आपल्या भावना कमी व माहिती अधिक असावी: आपण कोणत्या तारखांना येऊ शकतो, बरोबर कोण आहे, वय काय, कष्टाचे काम झेपते का, आणि हिशेब, शिवणकाम, वीजजोडणी, दंतवैद्यक, संगणक, शिकवणे यांपैकी नेमके काय येते. ‘काहीही करू’ असे लिहिणाऱ्या पाहुण्याला काम शोधून देणे हेच तेथील कार्यकर्त्यांचे एक जादा काम होऊन बसते.

किमान सात दिवस देता येणार नसतील, तर सरळ ‘संस्था पाहण्यासाठी येत आहोत’ असे कळवावे. त्यात कमीपणा नाही. अर्ध्या दिवसाच्या फेरफटक्याला सेवा म्हणणे आणि हातात झाडू घेऊन छायाचित्र काढून घेणे हे मात्र टाळलेले बरे. पहिले दोन दिवस नवख्या माणसाचे काम शिकण्यातच जातात आणि शेवटचा दिवस काम दुसऱ्याच्या हाती सोपवण्यात जातो, हे धरले तर आठवड्यातून उपयोगाचे चारच दिवस उरतात. या चार दिवसांत संस्थेच्या लोकांना आपल्यामागे चालवता येईल एवढेच हाती घ्यावे. आपण गेल्यावर कोणालाही उघडता येणार नाही अशी संगणकावरील झकास नोंदवही करून देण्यापेक्षा दवाखान्यातील जुने केसपेपर वर्षांनुसार लावून, गठ्ठ्यांवर ठळक अक्षरांत चिठ्ठ्या चिकटवून देणे अधिक मोलाचे ठरते.

घरातील ज्येष्ठांना कुष्ठरोगाच्या संसर्गाची भीती वाटत असेल, तर त्यांना हे आधीच समजावून सांगावे की बहुविध औषधोपचार सुरू झाल्यावर रुग्णापासून रोग पसरण्याची शक्यता फार लवकर संपते, आणि हातापायांवर दिसणारी विकृती ही जुन्या आजाराची खूण असते, चालू संसर्गाची नव्हे. तेथे राहणाऱ्यांची, विशेषतः मुलांची, छायाचित्रे परवानगीवाचून काढू नयेत. आपल्या राहण्याजेवणाचा खर्च आपण द्यावा आणि देणगी द्यायचीच असेल तर ती त्याहून वेगळी, पावती घेऊन द्यावी.

अंगमेहनतीची हौस असलेल्या तरुणांसाठी याच समितीच्या सोमनाथ प्रकल्पावर, म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातील मूल तालुक्यात, दरवर्षी मे महिन्यात श्रमसंस्कार छावणी भरते. तिचा विचार करणाऱ्याने चंद्रपूरचे उन्हाळी तापमान 45 अंशांवर जाते हे ध्यानात ठेवून हिवाळ्याऐवजी त्या तारखांभोवती सगळा प्रवास रचावा. भामरागड तालुक्यातील हेमलकसा मात्र ‘इतके आलोच आहोत तर’ म्हणून जोडू नये. बाबा आमटे यांनी 1973 मध्ये आदिवासींसाठी सुरू केलेला लोकबिरादरी प्रकल्प डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी जेथे उभा केला, ते ठिकाण वरोऱ्यापासून पुन्हा एका पूर्ण दिवसाच्या वाटेवर आहे आणि त्यासाठी स्वतंत्र प्रवास करणेच योग्य. ताडोबा व्याघ्र प्रकल्पाचा मोह आवरत नसेल तर एक सकाळ वेगळी काढावी; मंगळवारी तेथील गाभा क्षेत्र बंद असते.

आता योगाकडे वळू. स्वामी कुवलयानंद यांनी 1924 साली लोणावळ्यात स्थापन केलेल्या कैवल्यधाममध्ये योगाचा अभ्यास आणि प्रयोगशाळेतील संशोधन शेजारी शेजारी सुरू झाले. तेथे निवासी कार्यक्रमाला आठवडाभर राहायचे असेल तर जागा आधी राखून ठेवावी आणि रक्तदाब, पाठदुखी, झालेल्या शस्त्रक्रिया यांची माहिती न लपवता द्यावी. पुण्यातील योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार गुरुजींच्या संस्थेत वाटेत थांबून दोन दिवस वर्ग करू, असे अनेकांच्या मनात येते. परंतु ती जागा वाटसरूंसाठी नाही, सातत्याने शिकणाऱ्यांसाठी आहे. खुर्ची, पट्टा, विटा यांच्या साहाय्याने आसने करण्याची जी रीत त्यांनी रुजवली, ती मात्र प्रवासात फार कामाची आहे आणि आपल्या गावातील प्रशिक्षित शिक्षकाकडून निघण्यापूर्वी शिकून घेता येते. इगतपुरीच्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराची जोड या प्रवासाला देऊ नये, कारण मौनातून उठून थेट मित्रांच्या गप्पांत शिरणे बहुतेकांना जड जाते.

वर्ग संपल्यावर खरी परीक्षा रस्त्यावर असते. गाडीत पाच तास बसल्याने मांडीचे मागचे स्नायू आखडतात आणि कंबर जड होते. अशा वेळी उतरल्या उतरल्या पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय पसरून बसून पुढे वाकण्याच्या आसनात, ओढाताण करू नये. आधी पाच-दहा मिनिटे चालावे, मग ताडासन करावे, म्हणजे ताठ उभे राहावे, गाडीच्या बॉनेटवर हात टेकून पाठ सरळ ठेवत अर्धे वाकावे (बॉनेट तापलेले नाही ना, हे पाहून), आणि खोलीवर पोहोचल्यावर भिंतीला पाय लावून दहा मिनिटे विपरीत करणी करावी. सकाळचा अभ्यास चाळीस मिनिटांपेक्षा मोठा आखू नये; तो रोज होणे महत्त्वाचे. शवासन किंवा योगनिद्रा करून लगेच गाडी चालवायला बसू नये, आणि झोप येते म्हणून गाडी चालवताना कपालभाती करणे तर सरळसरळ धोक्याचे आहे. झोपेवर उपाय एकच, तो म्हणजे गाडी सुरक्षित जागी थांबवून वीस मिनिटे झोपणे.

गाडीची तयारी टायरपासून सुरू करावी. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे कोरलेले असतात. 2322 असे असेल तर तो टायर 2022 सालच्या 23 व्या आठवड्यात बनलेला आहे. नक्षी शाबूत असली तरी पाच-सहा वर्षांपुढचा टायर घेऊन समृद्धी महामार्गावर जाऊ नये. हा 701 किलोमीटरचा रस्ता जून 2025 मध्ये संपूर्ण खुला झाला. मोटारींना तेथे ताशी 120 किलोमीटरची मर्यादा आहे, आणि सरळ, एकसुरी रस्त्यावर तासन्‌तास त्या वेगाने जाताना टायर तापतो व चालकाचे लक्ष मंदावते. हवा सकाळी, टायर थंड असताना भरावी आणि तापलेल्या टायरमधली हवा काढू नये. आपण ताशी शंभरच्या वेगाने चालवावे, दर दीड-दोन तासांनी थांबावे, आणि इंधनाची टाकी अर्ध्यावर आली की पुढच्या पंपाची वाट न पाहता भरून घ्यावी. दुचाकींना या महामार्गावर प्रवेश नाही. मोटारसायकलने निघालेल्यांना जुनाच रस्ता घ्यावा लागेल.

मित्रांच्या भेटींबाबत सर्वांत जास्त गफलत होते ती वेळेची. संभाजीनगरच्या मित्राकडे रात्री नऊला पोहोचून पहाटे पाचला पुढे निघणे म्हणजे भेट नव्हे, फुकटचा मुक्काम होय. त्या गावी दुपारी चारच्या आत पोहोचावे आणि दुसऱ्या दिवशी चहा-नाश्ता उरकून, त्याच्या आईवडिलांपाशी घटकाभर बसून मगच निघावे. संभाजीनगर ते वर्धा हे अंतर समृद्धीने चारशे किलोमीटरच्या आसपास आहे, त्यामुळे दहाला निघूनही दिवेलागणीच्या सुमारास पोहोचता येते. बरोबर चारजण असतील तर दोघांनी लॉजवर उतरावे. वीस वर्षांनी भेटणारा मित्र आपला असतो, पण स्वयंपाकघर बहुधा त्याच्या पत्नीच्या माथी असते. म्हणून एक वेळचे जेवण आपण बाहेर घडवावे आणि ‘वहिनी, उद्या सकाळी फक्त पोहे’ हे आदल्या रात्रीच सांगून टाकावे.

आहाराचेही आधीच बोलून घ्यावे. नागपूरच्या मित्राने सावजी मटणाचा बेत केला असेल तर नाक मुरडणे शोभत नाही. मात्र जड जेवणानंतर आसनांना तीन-चार तासांचे अंतर लागते, आणि रात्री अकराला उठलेल्या पंगतीनंतर पहाटेच्या अभ्यासाची अपेक्षा धरण्यात अर्थ नाही. त्या दिवशी नुसता प्राणायाम करावा आणि मित्राला अपराधी वाटू देऊ नये. सेवाकार्याच्या आठवड्यात मित्रांना संस्थेत भेटायला बोलावू नये. एखाद्याला काम करायचेच असेल तर त्याने आपले नाव पहिल्याच पत्रात घालून घ्यावे आणि पूर्ण मुदत राहावे.

वर्ध्यात एक मुक्काम सेवाग्रामसाठी ठेवावा. गांधीजी 1936 मध्ये येथे राहायला आले. बापूकुटी आजही कुडाच्या भिंतींची आणि कौलारू छपराची आहे, आणि आश्रमात पहाटे व संध्याकाळी प्रार्थना होते. जवळच पवनारला धाम नदीच्या काठी विनोबांचा आश्रम आहे. दोन्ही ठिकाणी घाईने फिरण्यापेक्षा एकाच ठिकाणच्या प्रार्थनेला बसावे. तेथून वरोरा साधारण दोन तासांवर असल्याने दुसऱ्या दिवशी दुपारपूर्वी, ताजेतवाने असताना संस्थेत हजर होता येते.

परतीला वरोऱ्याहून नागपूर सुमारे शंभर किलोमीटर आहे. नागपूर ते मुंबई एका दिवसात गाठण्याची ईर्ष्या धरू नये. संभाजीनगर किंवा नाशिकला मुक्काम करावा आणि जाताना ज्या मित्राची भेट हुकली त्याच्यासाठी ती संध्याकाळ राखावी. घरी आल्यावर आठ दिवसांत संस्थेला एक पानभर पत्र पाठवावे आणि त्यात काय पूर्ण झाले, काय अर्धवट राहिले, कोणत्या कपाटात काय ठेवले आहे आणि चाव्या कोणाकडे दिल्या, एवढे नोंदवावे.