रस्ता न फोडता खालून पाईप टाकायचाय? एचडीडी कसं करतात बघा

गॅस, फायबर, पाण्याची लाईन, हल्ली काहीही रस्त्यापलीकडे न्यायचं असेल तर एचडीडीच (हॉरिझॉन्टल डायरेक्शनल ड्रिलिंग, म्हणजे जमिनीखालून हवं तसं वळवत आडवं भोक पाडणं) लावतात, कारण रस्ता खोदायची परवानगी काढा, परत डांबरीकरणाचे पैसे भरा, पावसाळ्यात तर सहसा परवानगीच नाही, कोण त्या भानगडीत पडणार. ही पद्धत तशी जुनीय, 1971 साली कॅलिफोर्नियात पाहारो नदीखालून गॅसची लाईन अशीच नेली होती. लोक मशीन किती टनाचं ते आधी विचारतात, पण माझ्या मते काम बिघडतं ते दोनच कारणांनी, खाली आधीपासून काय गाडलंय ते न बघितल्याने आणि भोकात सोडायचा चिखल नीट न बनवल्याने.

तर आधी खालचं बघा. महापालिका, वीज, गॅस, टेलिफोन सगळ्यांकडून नकाशे घ्या, 2023 पासून सरकारचं 'कॉल बिफोर यू डिग' ॲप आहे त्यावर नोंद टाका, आणि हे सगळं करूनही नकाशावर पूर्ण विश्वास ठेवू नका. जिथे लाईन क्रॉस होणार तिथे हाताने ट्रायल पिट, म्हणजे तपासणीचा छोटा खड्डा मारायचा. हाताने म्हणजे हाताने, जेसीबीने नाही. केबल डोळ्याला दिसली, टेपने खोली मोजली, की मगच पुढे.

आता समजा 160 एमएमचा एचडीपीई (प्लास्टिकचा) पाईप 40 मीटर न्यायचाय आणि मशीन एकाला एक जोडत आत ढकलतं ते रॉड 3 मीटरचे आहेत. 25 टक्के उताराने आत शिरलात तर पहिला रॉड सरळ जाऊ द्या, 75 सेंटीमीटर खाली गेलात. पुढच्या पाच रॉडमध्ये दर रॉडला 5 टक्के उतार कमी करत आणलात तर 18 मीटरवर पुढचं ड्रिल हेड आडवं होतं आणि खोली भरते साधारण 2.6 मीटर. म्हणजे मशीन रस्त्याच्या कडेला चिकटून लावून चालत नाही, मागे जागा लागते, आणि साईटवर सगळ्यात जास्त वाद याच्यावरूनच होतात. मशीन लावलं की जागेवर पक्कं अँकर करा.

ड्रिल हेडचं तोंड तिरकं असतं. रॉड फिरवत ढकलला की हेड सरळ जातं, न फिरवता नुसता ढकलला की तोंड ज्या बाजूला त्या बाजूला वळतं, एवढीच सगळी स्टिअरिंगची करामत. तोंड कुठेय ते घड्याळाच्या भाषेत सांगतात, वरून हेडचा माग घेणारा ट्रॅकरवाला ओरडतो "बारावर घे" म्हणजे वर, सहा म्हणजे खाली. हेडमध्ये सोंड (इंग्रजी sonde), म्हणजे छोटा ट्रान्समीटर बसवलेला असतो, त्याचा सिग्नल वर लोकेटरवर येतो, खोली आणि उतार दोन्ही कळतात. लोकेटर कॅलिब्रेट केल्याशिवाय सुरू करू नका, आणि शेजारून हायटेन्शन केबल किंवा काँक्रीट रोडची सळई असेल तर आकडे हलतात, तिथे घाई नको, रीडिंग दोनदा घ्या. दर रॉडची खोली वहीत लिहा.

आता चिखल, म्हणजे बेंटोनाइटचं (पाण्यात फुलणाऱ्या चिकण मातीच्या पावडरचं) मड. आधी पाण्यात सोडा ॲश टाकून पीएच 8.5 ते 9.5 वर आणा, मग बेंटोनाइट, पॉलिमर सगळ्यात शेवटी, क्रम उलटा केलात तर बेंटोनाइट नीट फुलतच नाही. काळ्या मातीत पॉलिमर वाचवू नका, ती माती पाणी पिऊन फुगते आणि रॉडला घट्ट धरते. पायलट, म्हणजे पहिलं बारीक भोक, पलीकडच्या पिटात निघालं की हेड काढून भोक मोठं करणारा रिमर लावायचा आणि मागे ओढायचा, भोक पाईपच्या दीडपट, इथे 250 एमएम. त्या भोकात मीटरला जवळपास 49 लिटर माती असते, आणि चिकण मातीत त्याच्या तिप्पट तरी मड लागतं, म्हणजे 40 मीटरला 6 हजार लिटरच्या आसपास, टँकर आधीच सांगून ठेवा. पिटात मड परत येतंय ना यावर एक माणूस कायम नजर ठेवून पाहिजे. येणं बंद झालं की ओढणं थांबवा, नाहीतर प्रेशर वाढून रस्त्यावर कुठेतरी चिखलाचा फुगा निघतो.

अजून एक, रॉड उलटे फिरवू नका, जमिनीत आटे सुटले तर शोधत बसाल. आणि खाली आपला काळा दगड लागला तर साध्या हेडने मारामारी करण्यात अर्थ नाही, रॉक टूलवालं मशीन बोलवा.

पाईप आत ओढताना रिमर आणि पाईपच्या मध्ये स्विव्हल लावा, म्हणजे रिमर फिरेल आणि पाईप फिरणार नाही. पाईपाचे जोड आधीच मारून, थंड करून, टेस्ट करून ठेवा, कारण ओढणं सुरू केलं की मध्ये थांबायचं नसतं. एचडीपीई ओढताना ताणला जातो आणि नंतर परत आखडतो, म्हणून दोन्ही बाजूला जादा पाईप सोडा आणि दुसऱ्या दिवशी कापा. मग परत प्रेशर टेस्ट, पिट भरून घ्या, आणि वहीतल्या खोल्यांचा ड्रॉइंग काढून महापालिकेला द्या, बिलाबरोबर तो मागतातच.