गावात कुणाचं म्हणणं लिहून घ्यायचं असेल तर असं घ्या

किनाऱ्यावर नुकसानीचा अर्ज लिहायला बसलं की नेहमी दिसतं, बोटमालक बोलला की सगळे कान देऊन ऐकतात आणि मासे सुकवणारी बाई बोलायला लागली की "मावशे, थोडक्यात सांग". मिरांडा फ्रिकर या ब्रिटिश तत्त्वज्ञ बाईंनी २००७ च्या पुस्तकात यालाच अन्याय म्हटलंय, बोलणारा कोण आहे ते बघून त्याच्या शब्दाची किंमत कमी करायची. मला हे शंभर टक्के पटतं.

तर पहिलं म्हणजे मासे सुकवणाऱ्या बाईला ऑफिसात बोलवू नका, तिच्या जागेवर जा, आणि लिलावाच्या गडबडीत तर नकोच. घरातला कुणी शेजारी बसून तिची वाक्यं पुरी करत असेल तर सरळ सांगा, दादा तुमचं नंतर वेगळं घेतो.

लिहिताना तिचेच शब्द. "औंदा पाणी हयसर इला" (यंदा पाणी इथवर आलं) म्हणाली तर तसंच लिहा, लगेच "किनाऱ्याची धूप झाली" करू नका. मग विचारा, हयसर म्हणजे कुठल्या माडापर्यंत, अमावस्येच्या उधाणाला की रोजच्या भरतीला, आधी कुठवर यायचं? तिच्याकडे तारीख पण असते आणि माप पण असतं, फक्त ते तिथीत आणि माडांत असतं. लिहिलेलं तिला वाचून दाखवा. तपासायचं असेल तर जरूर तपासा, पण बोटमालकाचंही तेवढंच तपासा.

आता खरी अडचण. फॉर्मात बोट, जाळी, घर असे रकाने आहेत आणि हिची मासे वाळवायची जागाच गेली, ते कुठे लिहिणार? फ्रिकरबाई कार्मिटा वुडचं उदाहरण देतात, अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात कामाला होती, एका प्राध्यापकाच्या त्रासामुळे नोकरी सोडली, बेकारभत्त्याच्या अर्जावर कारण काय लिहायचं कळेना कारण त्या त्रासाला तेव्हा नावच नव्हतं, "वैयक्तिक कारण" लिहिलं आणि भत्ता नाकारला गेला. १९७५ मध्ये बायका एकत्र बसून बोलल्या तेव्हा कळलं की हे एकटीचं नाही, आणि त्यातूनच लैंगिक छळ हे नाव पडलं.

म्हणून रकाना नसेल तर वेगळा कागद जोडाच, आणि बायकांना एकेकटीला न गाठता एकत्र बसवा. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असं कायद्यातच आहे, तिथे विषय मांडा, ठराव करून घ्या आणि सह्या व्हायच्या आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) तो मोठ्याने वाचायला सांगा, तिचं वाक्य त्यात तसंच आलंय ना ते तिलाच ठरवू दे.