छोट्या शेअरवरच्या गप्पा कशा ऐकाव्यात

छोट्या कंपन्यांचे शेअर घेणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये नवा माणूस शिरला की दोन गोष्टी लगेच लक्षात येतात. सगळे एकमेकांची टर उडवत असतात आणि कुणाचाच कुणावर विश्वास नसतो. "ऑपरेटर कोण आहे रे?" हा प्रश्न इथे "जेवलास का?" इतक्या सहज विचारला जातो. ऑपरेटर म्हणजे पडद्याआडून भाव हलवणारा. हा संशय स्वभावातून कमी आणि आकड्यांतून जास्त आलेला आहे, म्हणून आधी आकडे.

समजा, एका कंपनीचे एकूण १ कोटी शेअर आहेत. प्रवर्तकांकडे (प्रमोटर, म्हणजे कंपनी चालवणारे मालक) ७० टक्के. उरलेल्या ३० लाखांपैकी २० लाख शेअर नातेवाईक, मित्र, जुने भागीदार यांच्या डिमॅटमध्ये पडून आहेत. बाजारात खरोखर फिरणारा माल १० लाख शेअरचा. भाव ४० रुपये असेल तर हा सगळा माल ४ कोटींचा, आणि दिवसाला १५ हजार शेअरचे सौदे होत असतील तर उलाढाल ६ लाखांची. एवढा पातळ शेअर हलवायला म्युच्युअल फंड लागत नाही; बरे पैसे असलेली चार-पाच खाती ठरवून उतरली तरी पुरतात. निफ्टीतल्या शेअरबद्दल ‘ऑपरेटर कोण’ असं कुणी विचारत नाही, ते यामुळेच.

त्यात सर्किटची, म्हणजे एका दिवसात भाव किती वर-खाली जाऊ शकतो त्या मर्यादेची, भर. पाच टक्क्यांची मर्यादा असलेला शेअर रोज वरच्या सर्किटला लागला तर १५ सत्रांत दुप्पट होतो. खाली येताना १४ सत्रांत निम्म्याहून कमी. कागदावर दोन्ही सारखंच दिसतं, पण वर जाताना बाहेर पडणं तुमच्या हातात असतं. खाली येताना घेणाराच नसतो. भाव लोअर सर्किटला, विकणाऱ्यांची रांग लाखभर शेअरची आणि दिवसात सौदे झाले ८०० शेअरचे, अशा वेळी तुमचा स्टॉपलॉस (ठरलेल्या भावाला आपोआप विकायची ऑर्डर) नुसता शोभेचा. नवखे इथेच अडकतात, आणि मग ग्रुपमध्ये लिहितात, "आपण लाँगटर्म इन्व्हेस्टर आहोत." त्यावर जुने हसतात. या जगात ‘लाँगटर्म’चा एक अर्थ ‘निघता आलं नाही’ असाही आहे.

आता ग्रुपमध्ये नेहमी ऐकू येणारी काही वाक्यं घेऊ.

"डिलिव्हरी शंभर टक्के आहे, मोठे हात माल उचलतायत." हे वाक्य दिसलं की आधी शेअर कुठल्या गटात आहे ते बघा. एनएसईवर ‘बीई’ मालिका किंवा बीएसईवर ‘टी’ गट असेल तर तो ट्रेड-टू-ट्रेड शेअर आहे, म्हणजे तिथे इंट्राडे (त्याच दिवशी घेऊन विकणं) बंद आणि प्रत्येक सौदा डिलिव्हरीचाच, शेअर प्रत्यक्ष खात्यात घ्यायचा किंवा द्यायचा. डिलिव्हरी शंभर टक्के नियमानेच असते. त्यातून काहीही सिद्ध होत नाही. शिवाय अशा शेअरमध्ये सोमवारी घेतलेला माल मंगळवारी डिमॅटला जमा होईपर्यंत विकता येत नाही, हेही घेण्याआधी ठाऊक हवं.

"खरेदीला पाच लाख शेअरची रांग आहे." रांग म्हणजे ऑर्डर, सौदा नव्हे. ऑर्डर कधीही मागे घेता येते. सकाळी सव्वानऊला दिसणारी रांग तीन वाजता किती उरली आणि दिवसभरात प्रत्यक्ष सौदे किती झाले, हे आठवडाभर वहीत लिहून ठेवा. रोज मोठी रांग, सौदे मात्र दोन-तीन हजार शेअरचे, असं दिसत असेल तर ती रांग बहुतेक दाखवण्यापुरती आहे.

"तू शॉर्ट बसलायस, म्हणून वाईट बोलतोस." शंका काढणाऱ्यावर होणारा हा सर्वात लाडका आरोप, आणि छोट्या शेअरमध्ये तो जवळपास नेहमीच पोकळ. शॉर्ट म्हणजे भाव पडेल या आशेने, जवळ नसलेला शेअर आधी विकणं. या कंपन्यांचे फ्युचर्स (पुढच्या तारखेचे सौदे) नसतात, ट्रेड-टू-ट्रेडमध्ये इंट्राडे विकून परत घेता येत नाही. मग शॉर्ट बसणार कुठे? याचा अर्थ शंका काढणारा निःस्पृह असतो असा नाही. त्याला स्वस्तात घुसायचं असू शकतं, किंवा त्याने आधीच विकून टाकलं असेल आणि भाव त्यानंतर वाढल्याचा राग असेल. कौतुकासारखाच संशयही इथे खपवला जातो. दोन्ही ऐकताना एकच प्रश्न मनात ठेवावा: आपण याचं ऐकलं तर याच्या मालाचं काय होईल?

"प्रमोटरशी बोलणं झालंय, रिझल्ट जबरदस्त आहेत." हे खोटं असेल तर फसवणूक. खरं असेल तर ती जाहीर न झालेली संवेदनशील माहिती, आणि तिच्या जोरावर सौदा करणं हा इनसायडर ट्रेडिंगच्या नियमांचा भंग. दोन्हीकडून तुमचं नुकसानच, तेव्हा असा निरोप पुढे पाठवू नये. मोठ्या कंपन्यांचे निकाल व्हॉट्सअ‍ॅपवर आधीच फिरल्याच्या प्रकरणात सेबीने (शेअर बाजाराची नियामक संस्था) दंड केला होता. मार्च २०२१ मध्ये रोखे अपील न्यायाधिकरणाने तो रद्द केला. तरी तिथवर पोचायला किती वकील लागतात याचा हिशेब करावा.

एक नियम मात्र नवख्यांना कुणी सांगत नाही. प्रसारमाध्यमांत आलेल्या अफवेवर कंपनीने २४ तासांत हो, नाही किंवा खुलासा द्यावा हे बंधन जून २०२४ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १०० आणि डिसेंबर २०२४ पासून पहिल्या २५० कंपन्यांना लागू आहे. म्हणजे अफवा सर्वात जास्त जिथे चालतात त्या कंपन्या यात नाहीतच. शेअर बाजार खुलासा मागवू शकतो आणि मागवतोही, पण तोवर तीन-चार सर्किटं होऊन जातात. "कंपनीने नाकारलं नाही, म्हणजे खरं असणार" हा युक्तिवाद इथे बिनकामाचा आहे.

अफवा किती बेधडक असू शकते याचा नमुना म्हणजे साधना ब्रॉडकास्ट. मार्च २०२३ मधल्या सेबीच्या अंतरिम आदेशानुसार, यूट्यूबवरच्या व्हिडिओंत अदानी समूह ही कंपनी घेणार आहे आणि चार भक्तिपटांसाठी एका अमेरिकी कंपनीशी ११०० कोटींचा करार झाला आहे, असे दावे होते. त्या आदेशातला सर्वात बोलका आकडा भावाचा नाही, भागधारकांचा आहे. छोट्या भागधारकांची संख्या २,१६७ वरून ५५,३४३ वर गेली. माल कुठून निघाला आणि कुणाच्या गळ्यात पडला, ते या एका ओळीत दिसतं. हीच ओळ तुम्ही कुठल्याही कंपनीसाठी स्वतः पाहू शकता. ती कशी, ते पुढे येतंच.

टेलिग्रामच्या चॅनेलची पद्धतही ठरलेली असते. जानेवारी २०२२ मध्ये सेबीने ‘बुलरन२०१७’ नावाच्या चॅनेलवर कारवाई केली, तेव्हा आरोप असा होता की चालवणारे आधी छोटा शेअर घेत, मग सदस्यांना घ्यायला सांगत आणि भाव चढला की विकत. पैसे भरणाऱ्यांना आधी, फुकट्यांना नंतर, यूट्यूबवर सर्वात शेवटी, अशी उतरंड अनेक ठिकाणी दिसते. फुकट टिप मिळाली तर आपण रांगेत कितवे, याचा अंदाज त्यावरून बांधावा.

पण संशय नेहमी वायाच जातो असं नाही. भारत ग्लोबल डेव्हलपर्सचा भाव नोव्हेंबर २०२३ मधल्या १६.१४ रुपयांवरून वर्षभरात १,७०२.९५ रुपयांवर गेला, म्हणजे १०५ पट. मार्च २०२३ पर्यंत कंपनीचा महसूल नगण्य होता. नंतर मोठमोठ्या समूहांच्या ऑर्डरींच्या घोषणा आल्या. डिसेंबर २०२४ मध्ये समाजमाध्यमांवरच्या पोस्ट आणि एक तक्रार यांवरून सेबीने चौकशी केली आणि २३ डिसेंबरच्या अंतरिम आदेशाने व्यवहार थांबवले. प्रेफरेन्शियल अलॉटमेंटमध्ये (निवडक लोकांना थेट नवे शेअर देणं) शेअर मिळालेल्यांनी तोवर २७१ कोटींहून जास्तीचा माल विकला होता. आधी शंका काढणाऱ्यांना अशा शेअरच्या ग्रुपमध्ये काय काय ऐकून घ्यावं लागतं, ते वेगळं सांगायला नको.

एसएमई (छोट्या-मध्यम) कंपन्यांच्या आयपीओत, म्हणजे पहिल्या जाहीर शेअरविक्रीतही तेच. ट्रॅफिकसोल आयटीएस या कंपनीने सप्टेंबर २०२४ मध्ये ४४.८७ कोटी उभे केले. त्यातले १७.७० कोटी ज्या पुरवठादाराला सॉफ्टवेअरसाठी द्यायचे होते, तो नुसती कागदी कंपनी असल्याची तक्रार झाली, लिस्टिंग थांबलं आणि डिसेंबरमध्ये सेबीने पैसे परत करायला लावले. आयपीओच्या माहितीपत्रकात पैशाच्या वापराचं पान असतं. त्यातल्या प्रत्येक पुरवठादाराचं नाव कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर टाकून बघायला दहा मिनिटं लागतात.

आता तपासाची रीत. शेअरचं नाव कुणी टाकलं की उत्तर देण्याआधी बीएसईच्या संकेतस्थळावर कंपनीचं पान उघडा आणि आधी शेअरहोल्डिंग पॅटर्न काढा. तिमाही संपल्यावर २१ दिवसांत तो येतो; एसएमई कंपन्यांचा सहामाही. मागचे चार पॅटर्न शेजारी ठेवा. दर्शनी किमतीने दोन लाखांपर्यंत भांडवल असलेल्या व्यक्तींची ओळ शोधा: त्यांची संख्या आणि त्यांचा वाटा. भाव चढताना ही संख्या झपाट्याने फुगत असेल आणि त्याच वेळी मोठ्या व्यक्ती किंवा ‘इतर कंपन्या’ यांचा वाटा घटत असेल, तर माल खपवला जातोय असं धरून चाला. एक टक्का किंवा त्याहून जास्त शेअर असलेल्यांचीच नावं तिथे छापतात. म्हणून ०.९ टक्क्याची दहा खाती एकाच माणसाच्या मुठीत असली तरी ती नावाने दिसणार नाहीत.

मग प्रेफरेन्शियल अलॉटमेंट झाली होती का ते बघा. सभेच्या नोटिशीत कुणाला, किती, कुठल्या भावाने ते असतं. प्रवर्तक नसलेल्यांसाठी लॉक-इन (विक्रीबंदी) सहा महिन्यांचा. ती तारीख कॅलेंडरवर खूण करून ठेवा आणि त्याच्या मागेपुढे ग्रुपमध्ये अचानक उत्साह येतो का ते पाहा. बल्क डीलची यादी रोज संध्याकाळी येते; कंपनीच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त शेअर एका दिवसात घेतले किंवा विकले की नाव छापून येतं. तेच नाव आज खरेदीत आणि आठवड्याने विक्रीत दिसत असेल तर "मोठा गुंतवणूकदार आला" या बातमीला काही अर्थ उरत नाही.

ऑर्डरीची बातमी असेल तर ऑर्डरची रक्कम भागिले वर्षाची विक्री करा. १२ कोटी विक्रीच्या कंपनीला ३०० कोटींची ऑर्डर मिळाली, तर खेळतं भांडवल कुठून आणणार हा पहिला प्रश्न; ऑर्डर देणाऱ्याचं नाव ‘गोपनीयतेमुळे’ दिलं नसेल तर तो शेवटचा. ताळेबंदात येणी (ग्राहकांकडून यायचे पैसे) बघा. ४८ कोटींची विक्री आणि ३१ कोटी येणी म्हणजे वसुलीला सरासरी २३६ दिवस. नफा दिसतोय आणि कामकाजातून येणारी रोकड उणे आहे, ऑडिटर मध्येच सोडून गेलाय, रेटिंग एजन्सीने ‘कंपनी सहकार्य करत नाही’ असा शेरा मारलाय, यातल्या दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर बाकी काही न वाचता पान बंद केलं तरी चालतं.

एएसएम, जीएसएम, ईएसएम ही शेअर बाजारांच्या देखरेख याद्यांची नावं आली की ग्रुपमध्ये दोन तट पडतात. एक म्हणतो "सेबीने पकडलं", दुसरा म्हणतो "गरिबांना कमवू देत नाहीत". दोन्ही चूक. या याद्या भावाची चढउतार, पीई (भाव आणि नफ्याचं गुणोत्तर), बाजारमूल्य अशा सूत्रांवर बनतात. त्यात आरोप नसतो. परिणाम मात्र खरा असतो. जून २०२३ मध्ये छोट्या कंपन्यांसाठी आलेल्या ईएसएमच्या पहिल्या टप्प्यात शंभर टक्के मार्जिन (सगळी रक्कम आधी भरणं), ट्रेड-टू-ट्रेड आणि पाच टक्क्यांचं सर्किट; दुसऱ्यात दोन टक्के, आणि सौदेही ठरावीक वेळाने एकत्र जुळवले जातात. दुसऱ्या टप्प्यातल्या शेअरमधून मोठा माल घेऊन बाहेर पडायला महिने लागू शकतात.

चेष्टा मात्र वायफळ समजू नका. शेअर चढत असताना विनोद भाव आणि गाड्या यांचे असतात, "उद्या किती?" चालू असतं. मग लक्ष्य बदलतं. भावाऐवजी "कंपनी फंडामेंटली चांगली आहे, धीर धरा" सुरू होतं. मग टिंगल व्हायला लागते ती विकून गेलेल्यांची. विकणाऱ्याला ‘कमजोर हात’ म्हणायला सुरुवात झाली की समजावं, आतल्या लोकांना आता नवा घेणारा हवा आहे. सर्वात शेवटी चेष्टा पूर्ण थांबते आणि अ‍ॅडमिन प्रश्न विचारणाऱ्यांना काढायला लागतो. हा क्रम इतका नेमाने येतो की कधी कधी चार्टच्या आधी तोच सांगून जातो.

बोलायची वेळ आली तर स्वतःकडे शेअर आहे की नाही, असला तर साधारण कुठल्या भावाचा, हे आधी लिहावं. लक्ष्य भाव देऊ नये. पैसे घेऊन सल्ला द्यायचा तर सेबीची नोंदणी लागते. सल्ला देणाऱ्याकडे नोंदणी क्रमांक मागा. रिसर्च अ‍ॅनालिस्टचा ‘आयएनएच’ने, गुंतवणूक सल्लागाराचा ‘आयएनए’ने सुरू होतो, आणि तो सेबीच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. ‘ऑपरेटर अमुक आहे’ असं कुणाचं नाव घेऊन पुराव्याशिवाय लिहू नका, बदनामीचा दावा तुमच्यावर येईल. "बल्क डीलमध्ये या तारखेला इतके विकले" एवढं लिहिलं तरी जाणकाराला कळतं.

आणि खरोखर काही गडबड दिसली तर भांडत बसू नका. मजकुराचा तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट तेव्हाच घ्या, चॅनेलवाला तो नंतर पुसू किंवा बदलू शकतो. सोबत कंपनीच्या घोषणेची पीडीएफ आणि त्या दिवसांचे भाव-उलाढालीचे आकडे जोडून सेबीच्या स्कोअर्स संकेतस्थळावर तक्रार टाका. तक्रारीत मत कमी, तारखा जास्त असाव्यात.