संमोहन उपचाराला जायचंय? आधी जुनी फाइल काढा

तयारी सुरू होते ती कपाटातल्या रिपोर्टच्या फायलीपासून. मी संमोहन उपचाराला गेले ते आयबीएससाठी (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम). म्हणजे तपासण्या सगळ्या नॉर्मल, पोट मात्र रोज रुसलेलं. तेव्हा सगळ्यात आधी बघायचं ते हे, की पोटाच्या डॉक्टरांनी निदान केलेलं आहे ना. शौचावाटे रक्त जात असेल, कारण नसताना वजन उतरत असेल, हिमोग्लोबिन कमी असेल किंवा जुलाब रात्री झोपेतून उठवत असतील, तर संमोहन राहू द्या, आधी तपासणी. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेच्या २००८च्या मार्गदर्शक सूचनांतही क्रम असाच आहे: बारा महिने औषधं घेऊनही उतार पडला नाही, तर मानसोपचाराचा विचार करावा, आणि त्या उपचारांत संमोहनही आहे.

पोट दुखतं तर डोक्याचा उपचार कशाला, हे सासूबाईंनी विचारलंच. घरच्यांसाठी उत्तर तयार ठेवा. परीक्षेच्या सकाळी पोटात गोळा येतो तो काही शिळं खाल्ल्याने नाही. आतडं आणि मेंदू यांच्यात सतत निरोपांची ये-जा चालू असते. आयबीएसमध्ये साधा वायू सरकला तरी दुखल्याचा निरोप वर जातो. ती बोंबाबोंब कमी करायचा हा प्रयत्न. इंग्लंडमधल्या मँचेस्टरचे पोटविकारतज्ज्ञ पीटर व्होरवेल यांनी १९८४मध्ये औषधांना दाद न देणाऱ्या ३० रुग्णांवर याचा अभ्यास केला आणि तिथून पोटासाठीचं खास संमोहन रुजलं. सगळ्यांनाच गुण येतो असं मात्र नाही. कुणी पटकन तंद्रीत जातं, कुणी जातच नाही, हे मनाशी धरूनच जावं.

मग वही घ्या आणि कशासाठी जातोय ते एका वाक्यात लिहा. 'पोट बरं व्हावं' असं लिहून भागत नाही. मी लिहिलं होतं, 'स्वारगेटहून वाईच्या एसटीत बसायचं, निघण्याआधी तीनदा संडासला न जाता.' शेजारी आठवडाभर रोजच्या दुखण्याला शून्य ते दहा असा आकडा टाका. पुढे हाच आकडा कामाला येतो, कारण 'जरा बरं वाटतंय' यावरून कुणालाच काही कळत नाही.

आता माणूस निवडायचा. याला वेळ द्या. 'हिप्नोथेरपिस्ट' अशी पाटी आठवड्याच्या कोर्सनंतरही लागते, म्हणून मूळ शिक्षण विचारा: मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर, की भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंद असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट? आयबीएसचे रुग्ण आधी पाहिलेत का? किती सेशन, प्रत्येकाचे किती पैसे? सोबत कुणी बसलं तर चालेल का? मी आधी एकांकडे गेले होते. त्यांनी दहा सेशनचे पैसे आगाऊ मागितले आणि पोटाचं मूळ मागच्या जन्मात आहे, असं सांगितलं. मी चप्पल घातली. मागच्या जन्माचं सोडाच, याच जन्मातल्या 'दडलेल्या आठवणी' संमोहनात उकरायलाही नकार द्या. तंद्रीत सूचना चटकन पकड घेते, आणि न घडलेली गोष्टही घडल्यासारखी पक्की आठवायला लागते.

स्वतःबद्दल काही लपवू नका. फिट्स येत असतील, कधी भास झाले असतील, मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असतील तर पहिल्या भेटीतच सांगा. चालू गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. कुणी 'आता गोळ्यांची गरज नाही' म्हणालं, तर लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही: आपल्याला शांत वाटणारी जागा आधीच ठरवून ठेवा. माझ्यावर उपचार करणाऱ्या बाईंनी पहिल्या दिवशी 'तुम्ही समुद्रकिनारी आहात' म्हणून सुरुवात केली. मला लाटा बघितल्या की मळमळतं. डोळे मिटलेले, बोलावं की नाही कळेना, शेवटी बोलले. त्या हसल्या आणि आम्ही वाईच्या घाटावर गेलो. पाय पाण्यात, कृष्णा संथ वाहतेय, ओढ ना जास्त ना कमी, तसंच आतडंही. स्वतःचाच तळवा पोटावर आणि त्याची ऊब आत उतरतेय. पोटाच्या संमोहनात नदी आणि ही ऊब हमखास येतात.

यावरून कळलं असेल की आपण बेशुद्ध नसतो. बाहेर रिक्षाचा हॉर्न ऐकू येत होता, नाक खाजवलं तेही आठवतंय. एसटीत विचारात गुंगून आपला स्टॉप मागे पडतो ना, तितपतच. 'हिप्नॉटिझम' हा शब्द रुळवणारे मँचेस्टरचेच सर्जन जेम्स ब्रेड. ग्रीकांच्या निद्रादेवावरून आलेलं ते नाव त्यांनाच पुढे खटकलं, कारण ही झोप नव्हे. स्टेजवर कोंबड्यासारखं आरवणाऱ्यांचे खेळ डोक्यातून काढून टाका. मनाविरुद्धची सूचना आली तर डोळे उघडता येतात.

त्या दिवसाचं फारसं काही नाही. हलकं खाऊन जा, चहा टाळा, सैल कपडे घाला, कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवा. निश्चल बसल्यावर थंडी वाजते, तेव्हा ओढणी किंवा शाल हवी. फोन व्हायब्रेटवर नको, बंदच करा. संपल्यावर दहा मिनिटं बाहेर बसा, मगच स्कूटीला किल्ली लावा.

घरी रोज पंधरा-वीस मिनिटं रेकॉर्डिंग ऐकायला सांगतात. त्याची वेळ आधीच ठरवा, आणि कुकरच्या शिट्ट्या मोजत ऐकू नका. गाडी चालवताना तर अजिबात नाही. ऐकताना झोप लागली तर लागू दे. वहीतला आकडा मात्र रोज टाका. माझा सातवरून चारवर यायला सहा आठवडे लागले, मधे एकदा लग्नातल्या जेवणानंतर आठही झाला होता. चार-पाच सेशननंतर आकडा जागचा हलत नसेल, तर वही समोर ठेवा आणि पुढे जायचं की थांबायचं, ते स्पष्ट विचारा.