जुन्या ट्रकचा बीसीएम (बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे दिवे, इंडिकेटर, वायपर चालवणारा इलेक्ट्रॉनिक बॉक्स) बदलला: माझा अनुभव

चावी काढली तरी वायपर अर्धवट फिरायचा, हेडलाइट लावला की इंडिकेटर लुकलुकायचे, आणि सकाळी बॅटरी डाऊन. गाडी खानापूरची, २४ व्होल्टची. आधी फ्लॅशर रिले, मग कॉम्बिनेशन स्विच, शेवटी दोन्ही बॅटऱ्या बदलल्या. पैसे गेले, दोष तिथेच. डोकं आउट झालं होतं.

दोष असा सापडला. चावी बंद, दारं बंद, अर्धा तास थांबलो. बॅटरीच्या चासीकडच्या निगेटिव्हला मल्टिमीटर १० अँपिअरवर सिरीजमध्ये लावला (मीटर लावलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडतो). सगळं बंद असूनही १.८ अँपिअर करंट जात होता! एकेक फ्यूज काढत गेलो. बीसीएमचा काढताच ०.०४ वर आलं. डॅशबोर्डखालचा बॉक्स उघडला तर पिना हिरव्या पडलेल्या. वर समोरच्या काचेचं रबर फाटलं होतं, आमच्याकडच्या पावसात आणखी काय होणार?

मग क्रमाने: निगेटिव्ह काढून पंधरा मिनिटं थांबलो. कपलरचे फोटो काढले. हार्नेसच्या (वायरींच्या जुडग्याच्या) पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने धुऊन पूर्ण वाळवल्या, बॉडीचा अर्थिंगचा पॉइंट घासला. तोच पार्ट नंबर असलेला बीसीएम बसवला. शेवटचा आकडासुद्धा जुळवा. माझ्या हातात आधी आलेल्या बॉक्सचे कपलर तंतोतंत बसत होते, पण नंबर वेगळा होता, परत केला. निगेटिव्ह जोडून बेळगावला वायरमनकडून स्कॅनरवर कोडिंग करून घेतलं, म्हणजे नवा बॉक्स या गाडीसाठी सेट करून घेतला. कोडिंग होईपर्यंत नव्या बीसीएमवर इंडिकेटर चालतच नव्हते.

काचेचं रबरही त्याच दिवशी बदललं.