एक जुलैपासून रेसिडेन्सी सुरू करणाऱ्या आपल्या डॉक्टरांसाठी

मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी मॅचचा, म्हणजे रेसिडेन्सीच्या (हॉस्पिटलात काम करत घ्यायच्या प्रशिक्षणाच्या) जागा ठरवणाऱ्या प्रक्रियेचा, निकाल लागतो आणि जूनच्या मध्यावर ओरिएंटेशनला हजर व्हायचं असतं. मधले तीन महिने व्हिसा, लायसन्सचे फॉर्म, लसीकरणाचे दाखले यांतच सरतात. इंटर्नल मेडिसिनच्या तीन वर्षांच्या रेसिडेन्सीसाठी अमेरिकेत येणारे आपले डॉक्टर दर वर्षी मला साधारण तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदा नीट लिहून काढते. मी इथेच रेसिडेन्सी केली आणि आता टीचिंग हॉस्पिटलमध्ये अटेंडिंग (प्रशिक्षण पूर्ण केलेली, पेशंटची जबाबदारी असलेली डॉक्टर) म्हणून इंटर्नना, म्हणजे पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटना, शिकवते.

राहण्याचं आधी उरकून टाकू. जे-१ या प्रशिक्षणाच्या व्हिसावर डीएस-२०१९ या त्याच्या प्रमाणपत्रावरच्या सुरुवातीच्या तारखेच्या फार तर ३० दिवस आधी देशात येता येतं. त्यातले दोन-तीन आठवडे हाताशी ठेवाच. आल्यावर काही दिवसांनी सोशल सिक्युरिटी नंबरसाठी अर्ज करा, त्याशिवाय पुढची बरीच कामं अडतात. तुमची इथे क्रेडिट हिस्टरी नसते, त्यामुळे घरमालक कां कू करतात. अशा वेळी पगाराचा आकडा असलेलं हॉस्पिटलचं कॉन्ट्रॅक्ट दाखवा. त्याहून सोपा मार्ग म्हणजे त्याच प्रोग्रॅममधून जूनमध्ये बाहेर पडणाऱ्या तिसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटचं घर घेणं. ते बहुतेक वेळा हॉस्पिटलच्या जवळ असतं आणि पलंग-टेबलही स्वस्तात मिळतं. पहिला पगार हातात पडायला जुलै उजाडतो, तेव्हा दोन महिन्यांच्या खर्चाची तजवीज करूनच निघा. हॉस्पिटलचा आरोग्यविमा लागू होईपर्यंतच्या दिवसांसाठी वेगळा विमा घ्या, घरची माणसं बरोबर असतील तर त्यांचाही.

आता मुख्य गोष्ट. येणाऱ्या प्रत्येकाला वाटतं की आपलं ज्ञान कमी पडेल. ते सहसा पडत नाही. आपल्या सरकारी कॉलेजांतून आलेल्या मुलामुलींनी इतके पेशंट पाहिलेले असतात की हात लावून निदान करण्यात ती इथल्या बरोबरीच्यांच्या पुढे असतात. कमी पडते ती विचारण्याची सवय. आपल्याकडे रात्री लेक्चररला उठवायचं म्हणजे जिवावर येतं, आणि एकट्याने निभावून नेणारा हाउसमन हुशार ठरतो. इथे नेमकं उलट आहे. इंटर्नवर सीनियर रेसिडेंट आणि त्याच्यावर अटेंडिंग ही साखळी उभी केली आहे ती विचारण्यासाठीच. वेळेत फोन करणाऱ्या इंटर्नवर आम्ही विश्वास टाकतो. सगळं ठीक आहे असं सांगत राहणाऱ्याच्या पेशंटकडे मात्र मला दोनदा जाऊन बघावं लागतं. ताकाला जाऊन भांडं लपवू नका.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते सांगते. रात्रीचे तीन वाजलेत, तुम्ही दुसऱ्या टीमचे पेशंटही सांभाळताय आणि नर्सचा मेसेज येतो: ‘४१२ नंबर, बीपी ८६/५०.’ खुर्चीत बसल्या बसल्या कॉम्प्युटरवर ऑर्डर टाकून मोकळे होऊ नका. फोन करून विचारा: पेशंट जागा आहे का, नीट बोलतोय का, पल्स किती, ऑक्सिजन किती, संध्याकाळी बीपी काय होतं? योग्य मापाचा कफ लावून पुन्हा मोजायला सांगा आणि बोलता बोलताच चालायला लागा. खोलीत गेल्यावर हातपाय गार आहेत का, श्वासाचा वेग किती, लघवी किती झाली, नऊच्या औषधांत बीपीची गोळी गेली का, हे बघा. मग सीनियरला फोन: ‘मी ४१२ मध्ये आहे. ६८ वर्षांचे गृहस्थ, न्यूमोनियासाठी दाखल, संध्याकाळपर्यंत स्थिर. आता बीपी ८६/५०, पल्स ११८, ताप आहे, थोडे गोंधळलेत. मला सेप्सिस वाटतोय. लॅक्टेट आणि कल्चर पाठवतेय, फ्लुइड सुरू करतेय. तू येऊन बघशील का?’ (सेप्सिस म्हणजे जंतुसंसर्गाने अवयव निकामी होऊ लागणं; लॅक्टेट आणि कल्चर या त्याच्या तपासण्या.) एवढं बोलायला अर्धा मिनिट लागतो. निदान चुकलं तरी चालेल. तुम्ही पेशंटजवळ उभे आहात, काय वाटतंय ते सांगताय आणि मदत मागताय, हे ऐकणाऱ्याला लगेच कळतं. पेशंट झपाट्याने घसरत असेल तर सीनियरची वाट बघू नका, रॅपिड रिस्पॉन्स, म्हणजे तातडीचा चमू, बोलवा. तो नर्सलाही बोलावता येतो, तुम्हाला तर येतोच.

सकाळच्या राउंडलाही हेच लागू. आपल्याकडे लांबलचक हिस्टरी पाठ म्हणून दाखवायची सवय असते. इथे अटेंडिंगने सगळे आकडे आधीच स्क्रीनवर पाहिलेले असतात. तिला तुमचं मत हवं असतं. पहिल्या वाक्यात पेशंट कोण आणि कशासाठी आला, मग रात्रीतून काय बदललं, आणि मग एकेका प्रॉब्लेमनुसार तुम्हाला काय वाटतं आणि आज काय करणार. ‘हार्ट फेल्युअर: वजन कालपेक्षा दीड किलो कमी, पायाची सूज उतरली, पण क्रिएटिनिन १.१ वरून १.५ झालंय, लासिक्स आज शिरेतून देण्याऐवजी तोंडाने द्यावं असं मला वाटतं.’ (लासिक्स हे लघवीवाटे पाणी उतरवणारं औषध, आणि क्रिएटिनिन वाढणं म्हणजे किडनीवर ताण.) एवढं पुरे. अटेंडिंग म्हणेल, नको, अजून एक दिवस शिरेतूनच देऊ, आणि का तेही सांगेल. शिक्षण होतं ते त्या ‘का’मध्ये, आणि आधी तुम्ही मत मांडलं नाही तर तो ‘का’ येतच नाही.

ड्यूटी सोपवणं ही गोष्ट इथे फार गांभीर्याने घेतात. बऱ्याच ठिकाणी त्यासाठी आय-पास नावाची पद्धत आहे: पेशंट किती आजारी आहे, थोडक्यात हकीकत, करायची कामं, काय बिघडू शकतं आणि बिघडलं तर काय करायचं, आणि शेवटी ऐकणाऱ्याने ते परत सांगायचं. नऊ बालरुग्ण रेसिडेन्सी प्रोग्रॅममध्ये ती वापरून पाहिली तेव्हा वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोग्या इजा ३० टक्क्यांनी कमी झाल्या; तो अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. घरी जायची घाई असली तरी शेवटची पायरी गाळू नका.

औषधांची नावं विमानातच घोकून या. पॅरासिटामॉल इथे ॲसिटामिनोफेन, आणि बोलताना टायलेनॉल. साल्ब्युटामॉल म्हणजे अल्ब्युटेरॉल, ॲड्रेनॅलिन म्हणजे एपिनेफ्रिन, रिफाम्पिसिन म्हणजे रिफाम्पिन, ग्लिबेनक्लामाइड म्हणजे ग्लायब्युराइड. तारीख लिहिताना महिना आधी येतो, त्यामुळे ७/१ म्हणजे एक जुलै. जुने रिपोर्ट वाचताना याचा घोळ होतो.

पेशंटही वेगळे. दारू सुटल्यावरची थरथर आणि झटके, ओपिऑइडचा (अफूसारख्या औषधांचा) ओव्हरडोस, डिमेन्शिया असलेले नव्वदीतले आजी-आजोबा हे रोजचं असतं. दारूच्या विथड्रॉवलचं आणि ओपिऑइडचा परिणाम उलटवणाऱ्या नालोक्सोनचं नीट वाचून या. टीबी मात्र तुम्हालाच आधी सुचेल. सुचला की लगेच बोला, कारण संशय आला तरी पेशंटला हवा बाहेर पसरू न देणाऱ्या वेगळ्या खोलीत हलवावं लागतं.

आपल्याकडे नातेवाईक औषधं आणतात, रिपोर्ट आणतात, आणि कॅन्सर असेल तर ‘आईला सांगू नका’ म्हणतात. इथे निदान आधी पेशंटला सांगायचं, आणि नातेवाइकांशी बोलायचं ते पेशंटच्या परवानगीने. दाखल करतानाच प्रत्येकाला विचारावं लागतं की हृदय थांबलं तर छाती दाबून, व्हेंटिलेटर लावून प्रयत्न करायचे का. सुरुवातीला हा प्रश्न तोंडातून बाहेर पडत नाही. ‘हे मी सगळ्यांनाच विचारते’ एवढं आधी म्हटलं की पेशंट घाबरत नाही. इंग्रजी न येणाऱ्या पेशंटसाठी दुभाष्या बोलवायचा, घरातल्या लहान मुलाकडून भाषांतर करून घ्यायचं नाही. आणि ओळखीच्या माणसाची फाइल कुतूहल म्हणून कधीही उघडू नका. कोणी कुठली फाइल उघडली याची नोंद राहते आणि त्यावरून नोकरी जाते.

नर्स, फार्मासिस्ट, फिजिओथेरपिस्ट, केस मॅनेजर यांची नावं पहिल्याच आठवड्यात पाठ करा. अँटिबायोटिकचा डोस किडनीनुसार किती, हे फार्मासिस्टला विचारा. ते त्यांचं कामच आहे आणि ते आनंदाने सांगतात. पेशंट घरी जाणार की नर्सिंग फॅसिलिटीत, हे केस मॅनेजरशी दाखल झाल्याच्या दुसऱ्या दिवशीच बोलून घ्या. रेसिडेंट एकमेकांना नावाने हाक मारतात. सीनियरला ‘सर’ म्हणायची गरज नाही, त्याला अवघडल्यासारखं होतं.

कामाचे तास: चार आठवड्यांच्या सरासरीने आठवड्याला ८०, आणि त्याच हिशोबाने सातात एक दिवस पूर्ण सुट्टी. १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉस्पिटलात लिबी झायन ही १८ वर्षांची मुलगी दगावली, त्यातून थकलेल्या आणि देखरेखीविना काम करणाऱ्या रेसिडेंटचा प्रश्न ऐरणीवर आला. १९८९ मध्ये त्या राज्यात नियम आले आणि २००३ पासून देशभर ८० तासांची मर्यादा लागली. म्हणून तास खरे नोंदवा. प्रोग्रॅमला वाईट वाटेल म्हणून कमी लिहिणारे आपल्यात जास्त असतात, आणि त्याने पुढच्या वर्षीच्या इंटर्नचंही नुकसान होतं. हिवाळ्यात, नाइट फ्लोटच्या, म्हणजे सलग रात्रपाळीच्या, आठवड्यांत, उजेड न बघता दिवस जातात. झोप उडाली, रडू येऊ लागलं, तर चीफ रेसिडेंटशी बोला आणि समुपदेशकाकडे जा. ते गोपनीय असतं. इथेही विचारायचंच असतं.

फेलोशिप (रेसिडेन्सीनंतरचं एखाद्या उपशाखेचं प्रशिक्षण) करायची असेल तर वेळ वाटतो त्याहून कमी आहे. अर्ज दुसरं वर्ष संपता संपता, जुलैत जातात आणि मॅच डिसेंबरात होते. म्हणजे शिफारसपत्र देणारे अटेंडिंग आणि एखादा छोटा संशोधन प्रकल्प पहिल्या वर्षाच्या उत्तरार्धातच शोधायला हवा. जे-१ वाल्यांना मूनलाइटिंग, म्हणजे वेगळ्या पैशांसाठी जादा काम, करता येत नाही, कोणी आग्रह केला तरी नाही म्हणा. प्रशिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहायची अट असते. ती नको असेल तर डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं काम करून सूट मिळवायचा मार्ग आहे, आणि त्याच्या कॉनरॅड योजनेत प्रत्येक राज्याला वर्षाला ३० जागा मिळतात.

डीएस-२०१९ दर वर्षी नवीन काढावा लागतो, त्यासाठी हिवाळ्यातच प्रोग्रॅम कोऑर्डिनेटरच्या मागे लागा. भारतात जायचं असेल तर आधी पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत तपासा. ती संपलेली असेल तर परतण्यासाठी तिथल्या अमेरिकी वकिलातीची अपॉइंटमेंट लागते, आणि ती दोन आठवड्यांच्या सुट्टीत बसेलच असं नाही. घरात लग्नकार्य ठरत असेल तर तारीख चीफ रेसिडेंटला मे महिन्यातच कळवा, कारण वर्षभराचं वेळापत्रक तेव्हाच लागतं.